नववं कलम

"शिगवण, ती माणसं तुमचं ऐकतात," दिघेसाहेब म्हणाले. "मी बोललो की त्यांना वाटतं, ऑफिस बोलतंय."

असं म्हणून त्यांनी टेबलावरून एक फाइल माझ्याकडे सरकवली. कुवेतमधल्या आमच्या कंपनीचे ते पर्सोनेल मॅनेजर, मूळचे डोंबिवलीचे. मी त्यांच्या हाताखालचा टाइमकीपर, गुहागरकडचा. दोन हजार चार साल होतं, मार्च संपत आला होता. तासा-दीड तासाच्या अंतरावर इराकची हद्द होती आणि पलीकडे युद्ध चालू होतं. संपलं असं वर्षभरापूर्वी जाहीर झालं होतं, पण संपलं नव्हतं.

कंपनीला तिकडच्या एका लष्करी तळाचं काम मिळालं होतं. तळावरचे जनरेटर, शीतगृहं आणि पाण्याचे पंप चालू ठेवायचे. अकरा माणसं, सहा महिने, पगार अडीचपट. बंदूक कोणी हातात धरायची नव्हती.

"करार इंग्रजीत आहे," साहेब म्हणाले. "शुक्रवारी कामगारांच्या कॅम्पवर त्यांना वाचून दाखवा, समजावून सांगा. शनिवारी सह्या हव्यात."

मी फाइल उचलली. साहेब जरा पुढे वाकले.

"आणि ही माणसं गेली की इथून त्यांचा कारभार बघायला एक सुपरवायझर लागणार. ते नाव मी लिहून ठेवलंय. त्या पगारात फॅमिली व्हिसा बसतो, तुम्हाला माहीतच असेल."

मला माहीत होतं. कुवेतमध्ये बायकोमुलांना आणायचं तर पगार अमुक एका आकड्याच्या वर लागतो, आणि त्या आकड्याकडे मी पाच वर्षं खालून बघत होतो. माझी मुलगी चार वर्षांची होती. त्या चार वर्षांतले सगळे मिळून तीन महिने मी तिच्याबरोबर काढले असतील. फोनवर ती मला 'कुवेतचे बाबा' म्हणायची, जणू आणखी कुठले तरी बाबा घरात असावेत.

त्या संध्याकाळी खोलीवर मी करार दोनदा वाचला. चौदा कलमं होती. बहुतेक सगळी साधी, कामाचे तास, सुट्टी, जेवण, औषधपाणी. नवव्या कलमाशी मी थांबलो. हद्दीपासून तळापर्यंतचा आणि तळापासून परतीचा प्रवास कंपनी देईल त्या वाहनाने करायचा. हा प्रवास कामात धरला जाणार नाही. प्रवासात जखम झाली किंवा मृत्यू आला तर भरपाईची जबाबदारी कंपनीवर नाही. आणि कराराची मुदत संपेपर्यंत पासपोर्ट कंपनीकडे राहील.

सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, हे नऊ नंबरचं जरा..."

"सगळ्या करारांत असतं ते." त्यांनी मान वरही केली नाही. "वकील लोक घालतात. शब्दन् शब्द वाचत बसू नका शिगवण, सारांश सांगा. माणसं उगीच घाबरतात."

मी बाहेर आलो. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, हे मी स्वतःला दिवसभर बजावत राहिलो.

शुक्रवार सुट्टीचा. दुपारचा नमाज आणि जेवणं उरकल्यावर अकराही जण कॅम्पच्या मेसमध्ये जमले. बहुतेक रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडचे. जेवणाची टेबलं पुसून घेतली होती, तरी माशाच्या कालवणाचा वास होताच. सगळ्यांत पुढे प्रदीप गोताड बसला होता, संगमेश्वरचा वेल्डर. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि बायकोला सातवा महिना होता. शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून, मुकादमचाचा होते. बशीर मुकादम, दाभोळचे, जनरेटरमधले उस्ताद. साठीला टेकले होते. इंजिनाचा आवाज लांबून ऐकून कुठला भाग गेलाय ते सांगायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, मराठी वाचतानाही बोट ठेवावं लागायचं.

"अनंतदादा, पहिलं सांगा, खोलीत एसी आहे का?" प्रदीपने विचारलं. सगळे हसले.

"आहे. कंटेनरच्या खोल्या, चौघांत एक."

"आणि फोन?"

"आठवड्यातून एकदा, कंपनीच्या खर्चाने."

"मग लिहा माझं नाव!"

मी वाचायला सुरुवात केली. एकेक कलम इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. कोणी मध्येच काही विचारायचं, मी उत्तर द्यायचो. सहावं कलम जेवणाचं होतं, त्यावर बराच दंगा झाला. सातवं, आठवं. आठव्याशी पान संपत होतं. नववं पुढच्या पानावर अगदी वर होतं आणि त्याच्या खाली दहावं.

मी पान उलटलं आणि दहावं वाचलं. कामाचे कपडे आणि बूट कंपनी देईल.

"थांब, अनंता."

चाचांचा आवाज. त्यांनी डावा हात वर धरला होता, अंगठा बोटाच्या एका पेरावर टेकलेला.

"आठ झाली. मी मोजतोय. आता तू दहा म्हणालास. नऊ कुठे गेलं?"

दोघे-तिघे बुटांवरून बोलतच होते. 'नऊ तसंच आहे, आठसारखंच' एवढं म्हणायला काय लागत होतं? चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

"चिकटलं वाटतं पान," मी म्हणालो. "हे बघा, आहे इथे."

आणि मी नववं वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, काही न वगळता.

प्रदीपने सावकाश विचारलं, "म्हणजे... रस्त्यात उडालो तर त्या वेळी आपण कामावर नव्हतो?"

"तसंच लिहिलंय."

"मग काय तिकडे फिरायला चाललो होतो?"

मागून एकजण म्हणाला, "गेला तो विषय. मी नाही येत." दुसरा म्हणाला, "अरे, इथे कुवेतच्या रस्त्यावर माणसं मरत नाहीत का? अडीचपट पगार कोण देतो?" मग सगळेच एकदम बोलायला लागले.

चाचा उठून पुढे आले आणि माझ्या शेजारी बसले.

"ऐका माझं," ते म्हणाले. "जाऊ नका असं मी म्हणत नाही. मलाही पैसा हवाय, धाकटीचं लग्न आहे. पण नीट बघा. तळाला भिंत आहे, पहारा आहे. तिथे जीव जाण्याची भीती थोडी. भीती आहे ती रस्त्याची. आणि हा कागद नेमका रस्त्यावरच हात वर करतो."

"आणि पासपोर्ट?" प्रदीप म्हणाला.

"नव्वद साली मी इथेच होतो. इराकी फौज आली तेव्हा माझा पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत. मालक गाडीत बसून पळाला, तिजोरीची चावी घेऊन. अम्मानला विमानं उभी होती आपल्या लोकांसाठी, आणि मी दीड महिना कागदासाठी हिंडत होतो. तेव्हापासून एक ठरवलंय. पैसा मालकाकडे राहिला तर राहू दे, पासपोर्ट माझ्या खिशात."

तासभर चर्चा चालली. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. जायचं आणि यायचं ते विमानाने, रस्त्याने नाही. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे. आणि प्रवासात काही झालं तर ते कामावर झालं असं धरायचं. हे मान्य असेल तर सह्या, नाहीतर नाही.

"अनंता, इंग्रजीत लिहून दे," चाचा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, चष्मा पुसत होते. तो कागद माझ्या अक्षरात दिघेसाहेबांच्या टेबलावर गेला की पुढे काय होणार, हे मला कळत होतं. मी पेन काढलं आणि लिहिलं. खाली अकरा जणांनी आपापली नावं घातली.

शनिवारी साहेबांनी तो कागद दोनदा वाचला.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"त्यांनी नऊ नंबर विचारला, साहेब."

"आणि तुम्ही दिलात." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "ठीक आहे. जा तुम्ही."

कंपनीला माणसं तातडीने हवी होती, तळावरची तारीख ठरलेली होती. चार दिवस वाटाघाटी झाल्या. विमान मान्य झालं, कारण लष्कराची मालवाहू विमानं कुवेतहून जातच होती, त्यांत जागा मागायची तेवढी होती. पासपोर्ट मान्य झाले. भरपाईचं मान्य झालं नाही. तेवढ्यावर चार जणांनी माघार घेतली, सात तयार झाले. सातांत प्रदीप होता आणि मला वाटलं नव्हतं, पण चाचाही होते. सुपरवायझरच्या जागेवर ऑफिसातल्या दुसऱ्याच कोणाचं तरी नाव लागलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी चाचा कॅम्पच्या मागच्या अंगणात जाजम टाकून बॅग भरत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. दोन मिनिटं कपड्यांच्या घड्या घालायला मदत केली.

"चाचा, पान चिकटलं नव्हतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पान चिकटलं की माणूस बोटाला थुंकी लावतो, फुंकर मारतो. तू सरळ उलटलंस." त्यांनी एक सदरा माझ्या हातातून घेतला. "सगळ्यांपुढे तुला खोटा पाडला असता तर तू हट्टाला पेटला असतास. मग नववं कलम आम्हाला कधीच कळलं नसतं. म्हणून फक्त नऊ मागितलं. दिलंस. झालं."

मी त्यांना फॅमिली व्हिसाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ बॅगेची चेन लागत नव्हती, ती लावत राहिले.

"मला असा सौदा कोणी दिला नाही म्हणून मी चांगला राहिलो असेन," ते म्हणाले. "कोण जाणे. चल, ही बॅग धर."

ते गेले. दर आठवड्याला फोन यायचा. प्रदीप सांगायचा, एसी इतका गार आहे की घोंगडी लागते. पण त्यांना जाऊन पुरता महिनाही झाला नसेल, तिकडचे रस्ते पेटले. मेसच्या टीव्हीवर रोज जळणारे ट्रक दिसायला लागले. ट्रकचालकांना पळवून नेल्याच्या बातम्या आल्या. आमच्या माणसांचे फोन बंद झाले. एक आठवडा गेला. संगमेश्वरहून प्रदीपच्या बायकोचा फोन ऑफिसला आला, तो मला घ्यावा लागला. तिचे दिवस भरत आले होते. "काळजी करू नका, लाइन खराब आहे," मी म्हणालो.

त्या दिवसांत मला एकच गोष्ट खात होती. नववं कलम ऐकल्यावर ते अकराजण आधीच्या करारावर गेलेच नसते, बिचकले असते. मी अटी लिहून दिल्या म्हणून सातजण निर्धास्तपणे गेले. माझ्या कागदावर विश्वास ठेवून ते तिथे बसले होते.

फोन बंद झाल्याच्या नवव्या दिवशी दुपारी दिघेसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर सॅटेलाइट फोन होता. साहेबांनी दाढी केली नव्हती.

"तळ रिकामा करतायत. कामगारांना बाहेर काढायचंय," ते म्हणाले. "उद्या सकाळी रिकाम्या ट्रकांचा ताफा निघतोय, बरोबर लष्कराच्या गाड्या आहेत. बाकीच्या कंपन्यांची माणसं त्यातून येतायत. आपले सात बसायला तयार नाहीत. कागद दाखवतायत. विमान पाहिजे म्हणतात."

"विमान आहे का, साहेब?"

"आहे. पण जखमी लोक आधी. चार दिवस लागतील, आठ लागतील, कोणी सांगत नाही. आणि तळावर रोज तोफगोळे पडतायत, शिगवण." त्यांनी डोळे चोळले. "मी काही त्यांचा शत्रू नाही. थांबण्यात जास्त धोका असला तर? तुम्ही बोला. तुमचं ऐकतात."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. त्यांनी नंबर लावला. खरखर, मग बराच वेळ काही नाही, मग चाचांचा आवाज, विहिरीतून यावा तसा.

"कोण, अनंता? बरं झालं. इथे सगळे विचारतायत काय करायचं. ट्रक उद्या सहाला आहे."

"चाचा, गोळे पडतात म्हणे."

"पडतात. उत्तरेच्या बाजूला पडतात, आम्ही दक्षिणेला आहोत. पंपघराच्या खाली पक्कं तळघर आहे, सातजण त्यात झोपतो. पाणी आहे, डबाबंद खाणं आहे."

"आणि ताफ्याच्या ट्रकांना लोखंडी पत्रे आहेत का?"

"कापडी छत आहे, बाबा."

साहेब माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"अनंता, तुझं मत काय? स्पष्ट सांग. साहेब जवळ आहेत का?"

"आहेत," मी म्हणालो. "माझं मत, थांबा. तळघरात थांबा आणि विमानाची वाट बघा. ट्रकमध्ये बसू नका. कोणी कितीही सांगितलं तरी. मी सांगितलं तरी."

पलीकडे चाचा कोणाला तरी मोठ्याने म्हणाले, "थांबायचं," आणि फोन तुटला.

साहेबांनी फोन जागेवर ठेवला. मला वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, "मीही थांबलो असतो, बहुतेक." आणि लष्कराच्या कुठल्याशा अधिकाऱ्याचा नंबर फिरवायला लागले. त्या दिवशी आणि पुढचे सगळे दिवस त्यांनी विमानासाठी किती जणांची मनधरणी केली, ते मी शेजारी बसून ऐकलं. तेवढं श्रेय त्यांचं आहे.

दुसऱ्या दिवशीचा ताफा सुखरूप कुवेतला पोचला. एकाही ट्रकला ओरखडा नव्हता. त्या रात्री मी जेवलो नाही. माझे सात जण तोफगोळ्यांखाली बसले होते आणि ट्रकमधून आलेली माणसं आपल्या कॅम्पवर आंघोळी करत होती.

चार दिवसांनी दुसरा ताफा निघाला. तो नाही पोचला. जे वाचले ते दोन दिवस चालत हद्दीवर आले. काहीजण आलेच नाहीत.

आमच्या सातांचं विमान त्यानंतर तिसऱ्या दिवशी उतरलं. मी कंपनीची व्हॅन घेऊन गेलो होतो. लष्करी विमानतळाच्या फाटकाबाहेर उन्हात पाच तास उभा राहिलो. दुपारी फाटक उघडलं आणि एकामागून एक माणसं बाहेर यायला लागली. मी मोजत होतो. चार, पाच. सहावा प्रदीप. केस धुळीने पांढरे झालेले, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात प्लॅस्टिकची चप्पल. मग मध्ये बराच वेळ कोणी आलं नाही.

"चाचा कुठे आहेत?"

"येतायत हो. आतल्या शिपायाचा जनरेटर बंद पडलाय, तो बघायला थांबलेत," प्रदीप म्हणाला.

मी फाटकाच्या खांबाला पाठ टेकून खाली बसलो आणि हसायला लागलो, आणि हसता हसता रडायला लागलो. प्रदीपला काय करावं कळेना. तो माझ्या पाठीवर थोपटत म्हणाला, "दादा, अहो, आलो ना आम्ही." मग मला एकदम आठवलं. "अरे, तुला मुलगी झाली. परवा. दोघी छान आहेत." तो थोपटायचा थांबला आणि माझ्याशेजारी रस्त्यावरच मांडी घालून बसला.

अर्ध्या तासाने चाचा आले, हात काळे करून. "कचरा अडकला होता," ते म्हणाले, आणि आधी पाणी मागितलं. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, त्याचा काळा ठसा शर्टावर उमटला.

पुढच्याच वर्षी मी कुवेत सोडलं. फॅमिली व्हिसा कधी मिळाला नाही, मीच घरी गेलो. माझी मुलगी आता शिकून नोकरीला लागली आहे. तिने मध्ये एकदा विचारलं, "बाबा, तिकडे राहून तुम्ही काय कमावलंत?" तेव्हा मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगितलं. खरं तर मला त्या व्हॅनचं सांगायचं होतं.

विमानतळापासून कॅम्प तासाभराच्या वाटेवर होता. पहिली दहा मिनिटं सगळे एकदम बोलत होते, मग एकेक आवाज बंद होत गेला. कॅम्पच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मी मागे वळून बघितलं. सातही जण झोपले होते. कोणाचं डोकं खिडकीवर, कोणाचं शेजाऱ्याच्या खांद्यावर, प्रदीप तर सरळ खाली, सीटांच्या मधल्या जागेत. चाचांचं तोंड उघडं होतं आणि ते घोरत होते.

"उठवू का?" ड्रायव्हरने विचारलं.

"नको. सावलीत घे गाडी," मी म्हणालो. "इंजिन चालू राहू दे, एसी बंद करू नकोस."

त्याने भिंतीच्या सावलीला व्हॅन उभी केली. मेसमधून जेवणाचे निरोप येत होते, मी हातानेच नको म्हणत होतो. मग मीही सीट मागे टाकली आणि डोळे मिटले.